सशाच्या कानामागची गाठ

फार पूर्वी माळावरच्या एका सशाच्या कानामागे, कातडीच्या तळाशी, कोवळी नावाची पेशी राहत होती. तिच्या घरात थांब्या नावाचा म्हातारा राखणदार होता. एकीच्या दोन व्हायची वेळ आली की तो आधी विचारायचा, "जागा आहे का? खायला आहे का?" नसलं तर तो तिला अडवायचा.

एकदा सशाच्या कानाला बोरीचा काटा लागला आणि त्या फटीतून एक विषाणू कोवळीच्या घरात शिरला. त्याने कुणाला मारलं नाही. फक्त आपला एक चाकर थांब्याकडे धाडला. चाकराने म्हाताऱ्याला अशी मिठी मारली की त्याला हलताच येईना.

"आता तुला कोण अडवतंय?" विषाणू म्हणाला.

कोवळीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. गोतावळा वाढला म्हणून ती हरखली. पण लेकींच्या घरांत विषाणूचीच पिल्लं पोसली जात होती. कानामागे गाठ आली. शेजारणी उपाशी पडल्या.

"बाबा, मी काय करू?" तिने थांब्याला विचारलं.

"मी जखडलोय, पोरी. तुला दारापर्यंत जाता येतं."

कोवळीने चाकराच्या अंगाचा एक तुकडा तोडला आणि दाराबाहेर टांगला. गस्तीवरच्या पांढऱ्या पेशींनी तो लगेच ओळखला.

"चोर आत आहे. पण घर पाडावं लागेल, बाई, तुझ्यासकट."

"पाडा," कोवळी म्हणाली. मग तिने लेकींना हाक मारली, "तुम्हीही टांगा गं!"

महिन्याभरात गाठ सुकून गळाली. तिथे मग शेजारणींच्या लेकी राहू लागल्या. त्यांना कोवळीचं नाव ठाऊक नव्हतं.