शेवटचे तीनशे ठोके

त्या पठारावर एकही हरीण टिकटिक्याशिवाय धावत नसे. टिकटिक्या म्हणजे नखाएवढा हिरवा किडा. तो पुढच्या पायाला चिकटून बसायचा, खुराच्या प्रत्येक ठोक्याला टिक करायचा आणि संध्याकाळी कळप कातळावर जमला की दिवसभराचा आकडा मोठ्याने सांगायचा. किड्याने न मोजलेली धाव ही धावच नव्हे, असं तिथे लहानथोर सगळे मानत. एकदा एक नर वणव्यातून तीन पाडसं सोडवून पळत आला, पण त्याचा किडा वाटेत गळून पडलेला. मग काय, तो नवा किडा लावून माघारी गेला आणि तेवढंच अंतर पुन्हा धावून आला. यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

तसं वाटायचं कारणही नव्हतं. थंडीआधी कळपाला खिंडीतून पलीकडच्या कुरणात जावं लागे आणि खिंडीत बिबट्या असे. कळपाची रांग आकड्यांवरून लागायची. मोठा आकडा पुढे, लहान मागे, आणि बिबट्या उचलायचा तो मागूनच. त्यामुळे काही लबाड उभ्या उभ्या पाय झटकून ठोके वाढवत.

भिंगरी नावाच्या हरिणीला ती लबाडी जमत नसे. तिला पिंगा नावाचं लहान पाडस होतं, आणि पाडसाची जागा आईबरोबर. काळजीने ती पार पोखरून गेली होती. रात्री आपल्याला झोप लागली की नाही, हेही ती सकाळी किड्यालाच विचारायची. निघायच्या आदल्या दुपारी पहिल्या रांगेसाठी तिला तीनशे ठोके कमी पडत होते आणि उजवा पाय खुराजवळ टम्म सुजला होता.

कुसरीआत्या तिथेच चरत होती. म्हातारीच्या सुकल्या पायावर किडा टिकत नसे, म्हणून ती वर्षानुवर्षं शेवटच्या रांगेत चाले.

"अगं ए, बस जरा! पाय बघ केवढा झालाय."

"बसू कशी, आत्या? तीनशे राहिलेत."

"पाय काय म्हणतोय तुझा?"

"पायाचं कोण ऐकतं? हा किडा तर म्हणतो, मी ठणठणीत आहे."

"वेडी आहेस का गं? खरं धावायचंय ते उद्या. माझ्याबरोबर मागे चल. मला बिबट्याचा वास लांबूनच येतो."

"आणि पिंगाला मागे ठेवू? छे, छे! माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही."

ती बोरीच्या झुडपाभोवती धावत राहिली. प्रत्येक ठोक्याला डोळ्यांत पाणी येत होतं. तीनशेव्या ठोक्याला किडा "शाब्बास" म्हणाला आणि संध्याकाळी तिला पहिल्या रांगेत जागा मिळाली. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी किड्याने सांगितलं, झोप उत्तम झाली.

खिंडीच्या मध्यावर मागून कुसरीआत्या ओरडली, "आला! पळा!" कळप उधळला. भिंगरीचा उजवा पाय मात्र उचलला जाईना. सगळे तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले, शेवटी कुसरीआत्याही तिच्याजवळ येऊन पोचली आणि बघता बघता ती शेवटची झाली. पिंगा तिला बिलगून उभा होता.

"आत्या, याला ने गं!"

म्हातारीने धडक देऊन पाडसाला पुढे ढकललं आणि थेट कुरणापर्यंत ढकलत नेलं.

संध्याकाळी नव्या कातळावर कळप जमला. सगळ्यांचे किडे बोलून झाले. म्होरक्या उठणार, तोच वरच्या कड्यावरून टिक, टिक असा आवाज येऊ लागला. बिबट्या भिंगरीला ओढत कडा चढत होता आणि तिचा पुढचा पाय दगडादगडावर आपटत होता. दिवसभर तो तिला असाच ओढत होता.

मग आवाज थांबला आणि किडा खणखणीत बोलला, "भिंगरी. आजचा आकडा सर्वांत मोठा."

रिवाजाप्रमाणे सगळे बाजूला सरकले आणि पहिली जागा मोकळी केली. पिंगा धावत गेला आणि त्या मोकळ्या जागेला बिलगून उभा राहिला.