माहेरखिंडार

कुंभळगडाची तटबंदी सगळीकडे दोन पुरुष उंच आहे. फक्त पूर्वेला, दरीच्या बाजूला एका ठिकाणी ती एकदम छातीइतकी खाली येते. नवख्याला वाटावं, इथला तट ढासळला. पण वरच्या थराचे दगड नीट घडीव आहेत, कडा गुळगुळीत झाल्या आहेत. या जागेला माहेरखिंडार म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीत गड बघायला आलेली वृंदा तिथं टेकली, तेव्हा तिचा नवरा श्रीकांत घड्याळ बघत होता आणि लेक मुक्ता पुढं पळत होती. गडावरच्या देवीची पूजा करणारे बाळकूआप्पा सकाळपासून त्यांच्याबरोबर होते. वृंदाला तिथं बसलेलं पाहून तेही थांबले.

"बसा ताई," ते म्हणाले. "हितं बसल्यावर ऐकूनच उठायचं असतं." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

फार जुनी गोष्ट. तेव्हा गडावर म्हाळोजी नावाचा किल्लेदार होता. त्याची बायको गोजरा समोरच्या डोंगराच्या सोंडेवरची. दरीपलीकडं गवताच्या छपराचं एकच घर होतं, त्यात तिची विधवा आई चिमाई राहायची. वाटेनं जायचं तर अर्धा दिवस मोडे. नजरेनं मात्र दोन घरं समोरासमोर. चिमाई रोज सकाळी तांबडं लुगडं घराच्या कुडाच्या भिंतीवर वाळत घाली. ते दिसलं की गोजरा समजे, आई उठली, आई बरी आहे. मगच ती चुलीकडं वळे.

एका साली परकी फौज चालून येते अशी खबर आली. म्हाळोजीनं तट उंच करायला काढला. लेकीनं आईला वर बोलावणं धाडलं, तर चिमाईचा उलटा निरोप आला, "गाय व्यायला झालीया. तिला टाकून कशी येऊ?"

पाथरवट दगड चढवत चढवत पूर्वेला आले, तेव्हा गोजरा तटावर जाऊन बसली आणि उठेना. म्हाळोजी स्वतः आला.

"इथनं गनीम चढला तर?"

"तर आधी मला दिसंल," ती म्हणाली. "एवढी जागा सोडा. हितली राखण माझी. देवीची आण घेते."

म्हाळोजी कडक माणूस, पण त्यानं पाथरवटांना पुढं जायला सांगितलं.

वेढा पडला. गडाची दारं बंद झाली. खालची गावं रानात पांगली, पण सोंडेवरचं लुगडं रोज सकाळी कुडावर येत राहिलं. गोजरा पहाटेपासून तटाशी उभी असायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. गडावरचं धान्य आटत चाललं. ती लुगड्याकडं बघून म्हणे, "आये, एकदा तुझ्या हातची भाकर खाऊ दे."

असं सांगतात, की माघातल्या एका सकाळी धुकं विरलं आणि कुडावर लुगडं नव्हतं. घरच पेटलेलं होतं. गोजरानं "आये" म्हणून हाक फोडली. पण बघता बघता तिच्या ध्यानात आलं, की गाय आणि वासरू सोडलेली आहेत, लांब माळावर सुखरूप उभी आहेत. आग लागली नव्हती. आईनं लावली होती. आणि चिमाईसारखी बाई स्वतःच्या घराला उगाच काडी लावणार नाही.

गोजरानं तटावरून वाकून खाली पाहिलं. कड्याच्या कपारीतनं, वरून सहज न दिसणाऱ्या वाटेनं, माणसं चढत होती. पलीकडच्या सोंडेवरून मात्र ती स्पष्ट दिसत असणार. गोजरा ओरडली. गड धावून आला, धोंडे सुटले. गड वाचला, आणि महिन्याभरात फौज वेढा उठवून गेली.

दारं उघडली तशी गोजरा अनवाणी धावत सुटली. सोंडेवर राख होती. गाय हंबरत तिच्याजवळ आली. आई नव्हती. कुणी म्हणे, धूर बघून चिडलेल्या शिपायांनी तिला मारलं. कुणी म्हणे, रानात गेली ती गेलीच. गोजरानं रान पालथं घातलं. मग गाय-वासरू घेऊन ती गडावर परतली.

ती जागा आता शत्रूला ठाऊक झाली होती. बुजवायला पाथरवट आले, तर म्हाळोजीनंच त्यांना माघारी पाठवलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना गोजरा तिथंच उभी होती. तो शेजारी जाऊन उभा राहिला. त्यानंही समोर बघितलं. मग म्हणाला, "दिसलं का?"

समोर उघडी, काळी सोंड होती.

"दिसलं," ती म्हणाली.

म्हणे, दोघं म्हातारी होईपर्यंत तो रोज विचारायचा आणि ती रोज तेच सांगायची.

"म्हणून ही जागा कुणी बुजवत नाही," बाळकूआप्पा म्हणाले. "आजही भोवतालच्या गावांत दिलेल्या पोरी हितं येत्यात. आपल्या गावाकडं तोंड करून उभ्या ऱ्हात्यात. संगं जो असंल त्यानं इचारायचं, आन् बाईनं दिसलं म्हणायचं. गाव किती का लांब असंना."

आप्पा उठून देवळाकडं गेले. वृंदाचं माहेर आर्वीला, पार विदर्भात. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. भाऊ परदेशी, घराला कुलूप. त्यानंतर ती तिकडं गेलीच नव्हती. कुणाकडं जायचं हा प्रश्न होता. ती उठली आणि अदमासानं ईशान्येकडं वळली. डोंगरांमागं डोंगर, त्यामागं नुसतं धुरकट आभाळ.

श्रीकांतनं घड्याळाचा हात खाली घेतला. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"दिसलं का?"

वृंदानं तटाचा दगड घट्ट धरला.

"दिसलं."

"कुठंय? मला दाखव ना," म्हणत मुक्ता धावत आली. वृंदानं तिला उचलून तटावर टेकवलं, कमरेला हाताचा वेढा घातला.

"ते बघ," ती म्हणाली, "तिकडं. आधी विहीर लागते. मग डाव्या हाताला निळं फाटक. आजी तिथं उभी असायची, रिक्षाचा आवाज आला की."