मागच्या दारची माफी

अष्टागरातल्या एका गावी बेने इस्राएलांचे, म्हणजे कोकणातल्या यहुदी जमातीचे, मुकादम होते एलोजी. मिजास अशी, की देवानंही उठून त्यांना जागा द्यावी! सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या अंगणात, सगळ्या जमातीसमोर त्यांनी रिबकाबाईवर तिथल्या दिव्याचं तेल चोरल्याचा आळ घेतला. पुढं ते तेल निघालं त्यांच्याच घरी.

यहुद्यांचा मोठा उपास आला. त्याआधी दुखावलेल्या माणसाची माफी मागावी लागते, नाहीतर देवही माफ करत नाही. मुकादम गुपचूप तिच्या मागच्या दारी आले आणि पुटपुटले, "रिवाजाप्रमाणं तीनदा मागतो. माफ कर, माफ कर, माफ कर! आता नाही म्हणालीस तर पाप तुझ्या माथी."

"नाही कशाला म्हणू?" रिबकाबाई म्हणाली. "माफी केव्हाच दिलीय, मुकादम. जिथं मला चोर म्हणालात, तिथंच अंगणात ठेवलीय. उद्या उपासाला सगळे जमले, की सर्वांदेखत उचलून न्या."