सूर धरणारा

“मग माझी पाळी कधी, आबा?”

केरबानं विचारलं. सनईची पत्ती जिभेवर ओली करत हैबतीआबा देवळाच्या ओट्यावर बसून राहिले.

उंबरसोंड गाव लहान. उंबरे सत्तर. पण सिद्धोबाच्या दारातली सनई ऐकायला चार गावची माणसं वाट वाकडी करून येत. वाजवणारी घरं पाच. दिवसभर औत धरायचं आणि पहाटे देवाला जागं करायचं. बापजाद्यांनी त्यात कधी खाडा केला नाही. लिहून ठेवलेलं काही नव्हतं. सगळं कानात.

रीत एकच होती. नव्या माणसानं आधी सूर धरायचा. त्याची सनई वेगळी, तिची भोकं मेणानं बुजवलेली. नाकानं श्वास घ्यायचा, गालातला सोडायचा आणि एकच स्वर तुटू न देता लांबवायचा. चाली वाजवणार गुरू.

केरबानं सहा वर्षं सूर धरला होता.

“तालुक्याचा ब्यांडवाला बोलावतोय,” तो म्हणाला. “म्होरं उभा करतो म्हणतोय. आज यात्रा हाय. आज तुमच्या जागी बसवा, न्हाईतर मी चाललो.”

“घ्या! मांडवात यायच्या आधीच नवरदेव रुसला,” चौघड्यावरचे बंडूतात्या म्हणाले.

“तात्या, तुम्ही गप ऱ्हावा. आबांची एक चाल दाखवा मला येत न्हाई ती. पहाटेची, पालखीची, शेजारतीची... शेजारी बसून समद्या उचलल्यात.”

ते खरंच होतं. सूर धरताना त्याची बोटं बुजलेल्या भोकांवर गुरूची चाल नाचवत. तात्यांनी त्यावरून त्याला कितीदा टोमणे मारले होते. आबा कधी बोलले नव्हते.

आबांनी आपली सनई केरबाच्या मांडीवर ठेवली. त्याच्या हातातली सूर धरायची सनई काढून घेतली. आणि सरकून मागं, त्याच्या जागेवर जाऊन बसले.

तात्यांच्या टिपऱ्या हवेतच राहिल्या. सत्तरी ओलांडलेला माणूस, शिकाऊच्या जागेवर...

“उचल,” आबा म्हणाले.

पालखी उठली. केरबानं सनई तोंडाला लावली.

देवळाभोवतीच्या पहिल्या फेऱ्यालाच आरतीची ताटं घेतलेल्या बाया थबकल्या. दुसऱ्या फेऱ्याला पोरंसोरं गप्प झाली. केरबाला चेव चढला. तिसऱ्या फेऱ्याला त्यानं चालीला मोठा वळसा दिला, चढला, अजून चढला... आणि दम तुटला.

डोळ्यांपुढं अंधारी आली. पण खाली सूर होता. खडकावर पाय टेकावा तसा तो त्याच्यावर उतरला आणि पुढं निघाला. कुणाला काही कळलं नाही.

असा सूर त्यानं कधी ऐकला नव्हता. त्यानं तिरक्या नजरेनं पाहिलं. आबांचे डोळे मिटलेले. बोटं मेणावर, जागच्या जागी.

पालखी देवळात गेली.

“पोरानं आबाला मागं टाकलं की!” म्हातारे पाटील मोठ्यानं म्हणाले.

केरबाचा ऊर भरून आला. पण तो तुटलेला दम मनात सलत होता. त्यानं आबांचे पाय धरले.

“कसं झालं, आबा?”

“मला काय ठावं.”

“तिसऱ्या फेऱ्याला चुकलो. कळलं तुमास्नी?”

“न्हाई.”

“बरं, कुठली चाल चांगली झाली, त्ये तरी सांगा.”

“कुठल्या कुठल्या वाजवल्यास?”

तात्या फिस्सकन हसले. केरबाचं तोंड लाल झालं.

“थट्टा करू नगा, आबा! सा वर्सं मी तुमच्या शेजारी बसलो. तुमची एक जागा ऐकायची सोडली न्हाई. अन् तुम्ही आज हातभर अंतरावर होता... तुमच्या कानावर काईच पडलं न्हाई?”

आबा फडक्यानं सनईचं तोंड पुसत होते. हात थांबला.

“न्हाई पडलं,” ते म्हणाले. “मी सूर धरला हुता.”