राक्षसाचं पान

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, आणि त्या सबंध गावात पोरांसाठी चित्रांचं पुस्तक होतं एकच.

गावाची रीत अशी की, पुस्तक रोज एका घरी मुक्कामाला जायचं. ज्या घरी पुस्तक, त्या घरी आळीतली सगळी पोरं गोळा! गोष्ट एका धीट मुलीची होती. ती राक्षसाच्या गुहेत शिरते आणि आपलं हरवलेलं वासरू सोडवून आणते. आज्या-आजोबांनीही लहानपणी ती याच चित्रांतून पाहिली होती. इतक्या हातांतून फिरून शेवटी पुस्तकाची पार लक्तरं झाली.

तेव्हा गावाने ते चितारणीच्या हवाली केलं. ते रंगवणाऱ्या जुन्या चिताऱ्याची ती पणती. पणजोबांचं पुस्तक आपण नव्याने रंगवायचं म्हटल्यावर तिला आभाळ ठेंगणं झालं. ती रंग कालवायला बसते न बसते, तोच गावचे कारभारी आले.

"बाई, सगळं जसंच्या तसं होऊ द्या. फक्त तेवढा राक्षस गाळा. आमची नात दुर्गी त्याला बघून रडायची. लेकरांना उगीच कशाला भेडसवायचं?"

"पण कारभारी, राक्षसावाचून गोष्ट कशी चालेल?"

"न चालायला काय झालं? गुहेत एखादा ससा दाखवा. राक्षस दिसला, तर पुस्तक एकाही घराचा उंबरा ओलांडणार नाही. सांगून ठेवतो!"

चितारणीच्या मनात आलं, पोरांच्या घरी न जाणारं पुस्तक, ते काय पुस्तक! तिने मुकाट्याने मान डोलावली. ससा मात्र तिने झकास रंगवला, मऊ नि गुबगुबीत.

मोठी माणसं खूश झाली. पोरांनी पाच-सात पानं चाळली, "छान आहे" म्हणाली आणि विटीदांडू खेळायला पळाली. पण मग भलताच त्रास सुरू झाला. दिवेलागण झाली की पोरं परसात जाईनात. दुर्गी तर आजोबांच्या धोतराचा सोगा सोडीना.

एके सकाळी ती आजोबांना ओढतच चितारणीच्या ओसरीवर आली. तिने गुहेचं पान उघडलं.

"इथला राक्षस कुठाय?"

"पुसून टाकला गं बाळा," चितारीण म्हणाली. "तू भ्यायचीस ना त्याला?"

"पुसलात, मग तो गेला कुठे?"

आणि दुर्गीच सांगू लागली, "आधी तो या पानात असायचा. आम्हाला ठाऊक होतं. आता तो बाहेर पडलाय. आमच्या परसातसुद्धा असेल!"

चितारणीला फार वाईट वाटलं. लेकरांचं भय पणजोबांनी पानावर बांधून ठेवलं होतं, ते आपणच मोकळं सोडलं. कारभारी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मी राक्षस रंगवणार. घरात घेऊ नका हवं तर. पुस्तक माझ्या ओसरीवर राहील, पण राक्षसासकट राहील."

कारभाऱ्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला.

आता काळा रंग हवा, आणि त्याला दिव्याची काजळी लागते. दुर्गी पोरांना घेऊन घरोघर फिरली. कोनाड्यांतली, माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांतली काजळी त्यांनी खरवडून आणली. हात काळे, तोंडंही काळी! मग सगळी चितारणीला घेरून बसली.

"दात अजून मोठे करा!"

"डोळे लाल हवेत, लालभडक!"

राक्षस असा काही उतरला की खुद्द चितारणीच्या अंगावर काटा आला.

रंग वाळल्यावर कारभाऱ्यांनी पुस्तक स्वतःच उचललं. "आज मुक्काम आमच्याकडे," ते हळूच म्हणाले. चितारणीचे डोळे भरून आले. तीही मागोमाग गेली.

गुहेचं पान आलं तशी दुर्गी किंचाळली. मुलगी वासरू घेऊन बाहेर पडली तेव्हा तिने टाळ्या पिटल्या. गोष्ट संपताच तिने पुस्तक फाटकन मिटलं आणि त्यावर फतकल मारून बसली.

"अगं, पुस्तकावर बसतात का कुणी?" आजोबा ओरडले.

"थांबा हो आजोबा, नीट आत जाऊ दे त्याला!"

मग ती उठली, पुस्तकाला नमस्कार केला आणि हात धुवायला अंधारात एकटीच परसात गेली.

तात्पर्य: भीती चित्रातून पुसली म्हणून लेकरांच्या मनातून जात नाही, ती पानावर नीट दाखवली, तर लेकरं तिच्याशी दोन हात करायला शिकतात.