उपाशी अन्नपूर्णेची कहाणी

ऐक अन्नपूर्णे, तुझी कहाणी तुलाच सांगते. चुकलं तर सांभाळून घे, विसरलं तर आठवण दे.

खाडीच्या काठाला आटपाट गाव होतं. गावात पोफळीची वाडी होती, वाडीत एक नांदतं घर होतं. घरची कर्ती सुभद्राबाई. बाई अंगानं किरकोळ, आवाजानं भक्कम. गाय कधी पिळायची ते ती सांगे, गडी कुठे जायचे ते ती सांगे, सुनेनं कोणतं लुगडं नेसायचं तेही तीच सांगे. पाहुणा आला की विचारी, ताक घेणार की पन्हं? त्यानं तोंड उघडायच्या आत ताकाचा पेला पुढे ठेवी. वाईट होती का? नव्हती हो. देवाधर्माला चुकत नव्हती, दारचा माणूस रिकाम्या हातानं जात नव्हता. फक्त दुसऱ्याच्या मनातलं तिला आधीच ठाऊक असे, आणि ती त्याला बोलायचा त्रास पडू देत नसे.

घरात तिची नणंद होती, येसू. पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून भावाच्या घरी. घरचं पुरणावरणाचं सगळं तिच्या हातचं. सुभद्राबाईची सून होती, वेणू. वेणूला पहिलटकरीण म्हणून सगळ्यांनी जपलं, दिवस भरले, नक्षत्रासारखी मुलगी झाली. घर आनंदलं. पण झालं काय? वेणूला दूध येईना.

मग सुभद्राबाईनं पदर खोचला. सुनेला म्हणाली, तू निजून राहा, तुला काही कळत नाही, पोरीचं मी बघते. मुलगी स्वतःच्या अंथरुणात घेतली. गाईचं दूध पाणी घालून उकळलं, बोळ्यानं पाजलं. तिला वाटेल तेव्हा पोरीला वेणूकडे नेई, पोर दोन घटका ओठ चाळवी, रडे, की लगेच उचलून आणी. वेणू भिंतीकडे तोंड करून निजे. दीड महिना झाला. पोरीला गाईचं दूध पचेना. प्यावं आणि ओकावं, प्यावं आणि ओकावं. टाळू खोल गेली, हातपाय काड्या झाले. आधी रडायची तर वाडीच्या टोकाला ऐकू जायचं, आता पाळण्याशी वाकलं तरच ऐकू येई. सुभद्राबाई कुणाला दाखवीत नव्हती, पण आतून भ्याली होती.

मग तिला आठवलं, घरात बाळ जन्मलं आणि अन्नपूर्णेचं बोडण भरलं नाही. ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी ऐका. परातीत अन्नपूर्णा बसवायची, पंचामृतानं न्हाऊ घालायची. पुरणपोळी, वरणभात सगळं तिच्याभोवती वाढायचं. चार सवाष्णी आणि एक कुमारिका, अशा पाचजणींनी हात घालायचे आणि ते कालवायचं. पुरुषाच्या दृष्टीला पडू द्यायचं नाही. कालवता कालवता कुमारिकेला विचारायचं, आई, आणखी काय हवं? त्या वेळी पोरीच्या तोंडून देवी बोलते. ती मागेल ते द्यायचं. ती पुरे म्हणेल तेव्हा थांबायचं, आणि मग बोडण गाईला घालायचं.

सुभद्राबाईनं शुक्रवार धरला. सवाष्णी बोलावल्या, कुमारिका बोलावली. पण पोर ती पोर, भलतंच काही मागून बसली तर? म्हणून तिला आधीच कोपऱ्यात घेतलं आणि पढवलं. पहिल्यांदा विचारलं की दूध म्हण. दुसऱ्यांदा विचारलं की मध म्हण. तिसऱ्यांदा विचारलं की पुरे म्हण. पोरीनं तसंच म्हटलं. सगळ्या म्हणाल्या, काय बाई शहाणी मुलगी. बोडण गाईपुढे ठेवलं. गाईनं हुंगलं आणि मान फिरवली. सुभद्राबाई म्हणाली, हिचं पोट भरलंय.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मागल्या दारी एक म्हातारी आली. केस पांढरे, डोळे तरणे, हात रिकामे. सुभद्राबाई बाहेर आली. म्हणाली, आजी, काय हवं? तांदूळ घ्या. सूप पुढे केलं. म्हातारी तिच्याकडे बघत राहिली, काही बोलली नाही, तांदळाला हात लावला नाही, निघून गेली.

मग दुसरा शुक्रवार आला. दुसरी कुमारिका बोलावली, तिलाही पढवलं. पहिल्यांदा दूध, दुसऱ्यांदा मध, तिसऱ्यांदा पुरे. पोरगी म्हणाली दूध, म्हणाली मध, म्हणाली पुरे. गाईनं हुंगलं आणि मान फिरवली. त्या आठवड्यात मुलीनं बोळाही सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी पुन्हा आली. आजी, काय हवं? लुगडं घ्या, धडसं आहे. म्हातारी बघत राहिली, बोलली नाही, निघून गेली. सुभद्राबाईला राग आला. येसूला म्हणाली, भिकेला आल्या तरी तोरा बघा. येसू चुलीपाशी भाकरी थापत राहिली.

तिसरा शुक्रवार उजाडला. त्या दिवशी म्हातारी सकाळीच आली. सुभद्राबाईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, पोर रात्रभर नुसती उसासत होती. तरी सवयीनं म्हणाली, आजी, काय हवं? बसा, जेवूनच जा.

आता मात्र म्हातारी बोलली.

"बाई, तीनदा विचारलंस, तीनदा उत्तर तूच दिलंस. मग मला तोंड कशाला दिलंय? शुक्रवारीही तेच करतेस. मी परातीत बसते, पोरीला विचारतात काय हवं, आणि उत्तर येतं तुझं. दोन शुक्रवार तुझ्या घरून उपाशी उठले. मी उपाशी, म्हणून तुझं लेकरू उपाशी."

सुभद्राबाईनं पुढे होऊन पाय धरायला हात घातले, तो तिथे पायरीच होती. ती तशीच पायरीवर बसली. जन्मात पहिल्यांदा तिला काय बोलावं ते सुचेना.

मग तिनं बोडणाची तयारी केली. पुरुषमाणसं वाडीत धाडली, दार लोटलं. शेजारची ठकू कुमारिका म्हणून आली. सात वर्षांची, अबोल, नाक ओढणारी पोर. तिला कोपऱ्यात घ्यावं म्हणून सुभद्राबाईचा हात दोनदा उठला आणि दोनदा तिनं तो मागे घेतला. कापऱ्या मनानं अन्नपूर्णेला न्हाऊ घातलं. सुभद्राबाई धरून पाचजणी बसल्या, हात परातीत गेले. सुभद्राबाईनं विचारलं, आई, आणखी काय हवं?

ठकू गप्प. सवाष्णी एकमेकींकडे बघू लागल्या. एकीनं ओठांनी सांगितलं, दूध म्हण. सुभद्राबाईनं तिला डोळ्यांनीच दटावलं. ठकूनं परातीतले हात एक एक करून पाहिले. मग म्हणाली, "पुरण ज्यांनी वाटलं त्यांचा हात यात नाही. तो हवा."

सवाष्णी चरकल्या. एकीनं हात काढून घेतले. म्हणाली, हे आमच्याकडे चालत नाही, विधवेचा हात बोडणाला कुणी लावलाय का? सुभद्राबाई म्हणाली, मलाही आजवर हेच ठाऊक होतं. पण मागेल ते द्यायचं की नाही? ज्यांना बसायचं नाही त्यांनी उठावं, मी पाय धरणार नाही. दोघी उठल्या, तरातरा निघून गेल्या. एकजण राहिली.

सुभद्राबाई स्वयंपाकघरात गेली. येसूला म्हणाली, वन्सं, चला. येसू मागे सरली.

"वहिनी, मी कशी येऊ? तीस वर्षं पुरण वाटतेय. बोडणाची परात कशी दिसते ते अजून पाहिलं नाही मी. आज माझ्या हातानं काही कमीजास्त झालं तर पोरीच्या जिवाचा दोष माझ्यावर येईल."

"दोष माझा," सुभद्राबाई म्हणाली. "आईनं तुम्हाला बोलावलंय. मी नाही बोलवत. मी बोलवायला हवं होतं, तीस वर्षांपूर्वी."

मग येसू आली. परातीशी बसली. आधी हात जोडून अन्नपूर्णेकडे पोटभर बघून घेतलं. मग हात घातला, आणि कालवायला लागली. वर्षानुवर्षांचा सरावाचा हात तो, गाठी फुटल्या, सगळं एकजीव झालं. येसूच्या डोळ्यांतून धार लागली होती आणि चेहरा हसरा होता.

मग दुसऱ्यांदा विचारलं, आई, आणखी काय हवं? ठकूनं सुभद्राबाईकडे बोट केलं. म्हणाली, "हिला कुणी विचारलंच नाही. हिला विचारा."

येसूनं कालवता हात थांबवला. वळली, आणि म्हणाली, वहिनी, तुम्हाला काय हवं?

सुभद्राबाई सांगायला गेली की मला काही नको, माझं सगळं आहे. शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले. तिला एकाएकी आठवलं, तीही सात वर्षांची असताना अशीच परातीशी बसली होती. माहेरी थोरल्या बहिणीचं लग्न होतं, घरात बोडण होतं. काकूनं कोपऱ्यात घेऊन पढवलं होतं, दूध म्हण, मध म्हण, पुरे म्हण. तेव्हा तिची आई जाऊन तीन महिने झाले होते. सगळ्या बायका विचारत होत्या, काय हवं, काय हवं, आणि तिला एकच सांगायचं होतं. ती दूध म्हणाली. मध म्हणाली. पुरे म्हणाली. सगळ्या म्हणाल्या, काय बाई शहाणी मुलगी.

"मला माझी आई हवी होती," सुभद्राबाई म्हणाली, आणि लहान पोरीसारखी ओक्साबोक्शी रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. येसूनं पुरणानं माखलेला हात तिच्या पाठीवर ठेवला. रडून झाल्यावर सुभद्राबाईनं डोळे उघडले. परातीतली अन्नपूर्णा समोर होती, वीतभर उंचीची, हातात पळी घेतलेली. तिच्याकडे बघता बघता सुभद्राबाईला जे हवं होतं ते समोर बसलेलं दिसलं. मन शांत झालं.

मग तिसऱ्यांदा विचारायचं होतं. ठकूच्या तोंडाकडे सगळ्या बघत होत्या. पण ठकू काही मागेना. सुभद्राबाईलाच कळलं. ती उठली, हात धुवायलाही थांबली नाही, थेट बाळंतिणीच्या खोलीशी गेली. उंबऱ्यात उभी राहिली.

"वेणू, तुला काय हवं?"

वेणूनं भिंतीकडचं तोंड वळवलं. बोलली नाही. तिला सवय होती, उत्तर सासूबाईच देतील म्हणून ती वाट बघत राहिली. सुभद्राबाईच्या तोंडाशी दहा उत्तरं आली. शेक हवा, अळीव हवेत, झोप हवी. तिनं दात ओठात रोवले. बाहेर पोफळीची झावळी पडल्याचा आवाज झाला. बायांनो, गप्प उभं राहणं किती कठीण असतं ते त्या दिवशी सुभद्राबाईला विचारावं.

मग पुष्कळ वेळानं वेणू बोलली. "सासूबाई, माझी मुलगी माझ्या कुशीत द्या. आणि परत नेऊ नका."

सुभद्राबाईनं पाळण्यातली मुलगी उचलली. वेणूच्या कुशीत ठेवली. येसूनं ताट वाढून आणलं, पुरणपोळी, वर तुपाची धार. म्हणाली, आधी तू जेव. राहिलेली सवाष्ण घाबरली, म्हणाली, अजून नैवेद्य पुरा झाला नाही. येसू म्हणाली, हाच नैवेद्य. वेणू जेवली, दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. मुलगी छातीशी होती, उघड्या अंगाला उघडं अंग. ती चाचपडली, थांबली, पुन्हा चाचपडली. कुणी तिला उचललं नाही. एक घटका गेली, दुसरी गेली, तिसरी सरत आली. वेणूच्या अंगावर काटा आला, आणि पान्हा फुटला. पोर घुटुघुटु पिऊ लागली. तो आवाज माजघरात ऐकू आला, आणि परातीशी बसलेली ठकू नाक ओढून, कुणी न सांगता, म्हणाली, "आता पुरे."

बोडण गाईला घातलं, तिनं परात चाटून पुसली. महिन्याभरात मुलगी बाळसं धरून वाडीच्या टोकापर्यंत ओरडू लागली. उठून गेलेल्या दोघी लांबलेल्या बारशाला आपणहून आल्या, येसूच्या पंक्तीला बसल्या. त्या घरी पुढे जेवढी बोडणं झाली, तेवढ्यांत पहिला हात येसूचा पडला आणि कुमारिकेला कुणी पढवलं नाही. कुणी झोपाळा मागितला, कुणी खाडीवर जायला मागितलं, एकीनं तर मला शाळेत घाला म्हणून मागितलं. जे मागितलं ते दिलं. अन्नपूर्णा त्या घरून कधी उपाशी उठली नाही.

तुम्हीही हा वसा घ्या. शुक्रवारी घरातल्या एकीला विचारावं, तुला काय हवं? लेकीला विचारावं, सुनेला विचारावं, सासूला विचारावं, चुलीपाशी बसलेलीला आधी विचारावं. विचारून गप्प राहावं. येईल ते उत्तर देवीचं मानावं. घेतलेला वसा मध्येच सोडू नये, विचारायचा कंटाळा करू नये.

जशी अन्नपूर्णा सुभद्राबाईला पावली, येसूला पावली, वेणूच्या कुशीत उतरली, तशी ती तुम्हां आम्हां पावो. ही साठा उत्तरांची कहाणी एका प्रश्नापाशी सुफळ संपूर्ण झाली.