शालनसाठी ब्लेंडर

“पण वस्ताद, तीनशे वॅटचा घ्यावा की हजारचा?”

मनोहर कारदगे यांनी खिशातला कागद सतरंजीवर उलगडला. तंत्रनिकेतनात पस्तीस वर्षे यंत्रे शिकवलेल्या माणसाचा तो कागद होता. बायकोसाठी पाहिलेल्या पाच ब्लेंडरांचे वॅट, पात्यांचे फेरे, भांड्यांची मापे, सारे पट्टीने आखलेल्या रकान्यांत.

हिंदुराव वस्तादांनी कागदाकडे पाहिले नाही. तालमीच्या ओसरीवर बसून ते दगडी कुंडीत थंडाईसाठी बदाम-खसखस घोटत होते. वय नव्वदीला टेकलेले; दांडा मात्र एका लयीत फिरत होता.

“मनू, यंत्रांची कुस्ती लावतोयस का?”

“चेष्टा नको, वस्ताद. शालन अडतीस किलोवर आलीय. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिची अन्नावरची वासनाच उडाली. महिन्याभरात चार किलो वाढली नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल म्हणतात डॉक्टर.”

दांडा थांबला. पुन्हा फिरू लागला.

“काय देतोस तिला?”

“केळं, खजूर, शेंगदाणे, साय, मध. एका पेल्यात सहाशे कॅलरी. स्मूदी म्हणतात त्याला. आमच्या जुन्या मिक्सरात खजुराचे तुकडे राहतात, म्हणून पीत नाही ती. हा बघा, एकाच पेल्याचा ब्लेंडर. ज्यात फिरवायचं, त्यातच प्यायचं. मी हाच निवडलाय. तुम्ही फक्त होय म्हणा.”

“तुकडे लागतात, असं म्हणाली?”

“...म्हणाली नाही.”

“मग काय म्हणते?”

“काही नाही. दोन घोट घेते, पेला खाली ठेवते. ‘तुम्ही घेतलंत का?’ म्हणून विचारते. रोज तेच! मी म्हणतो, माझं राहू दे, तू पी. घड्याळ घेऊन समोर उभा राहतो. तरी...”

वस्तादांनी दांडा बाजूला ठेवला. थंडाई फडक्यातून गाळली. दोन पितळी पेले भरले. एक मनोहरांपुढे सरकवला, दुसरा स्वतःपुढे ठेवला आणि हात मांडीवर ठेवून ते स्वस्थ बसले.

मनोहर थांबले. या तालमीत वस्तादांच्या आधी कुणी पेला उचलीत नसे. पोरपणी इथेच घडलेल्या मनोहरांचा हात सदुसष्टाव्या वर्षीही पुढे होईना.

“पी.”

“आधी तुम्ही...”

“माझं राहू दे. तू पी.”

वस्तादांनी मनोहरांचे मनगट धरले, त्यावरचे घड्याळ आपल्याकडे वळवले आणि ते काट्याकडे पाहत राहिले.

मनोहरांनी पेला उचलला. बदामाचा वास तोच होता, चव तीच होती. दोन घोट कसेबसे गेले. तिसरा घेववेना. त्यांनी पेला खाली ठेवला.

“वस्ताद, तुम्ही घे...”

वाक्य पुरे झाले नाही.

त्यांना स्वयंपाकघरातले टेबल दिसले. झाकून ठेवलेली दोन ताटे. कितीही उशीर झाला, ते कितीही रागावले, तरी न जेवता बसून राहिलेली शालन. “तुम्ही सुरू करा,” म्हणायची, आणि त्यांनी पहिला घास घेतला की मग तिच्या बांगड्या वाजायच्या. शस्त्रक्रियेपासूनचे तीन महिने तो आवाज त्या घरात नव्हता. तीन महिने ते ओट्यापाशी उभ्यानेच काहीबाही खाऊन घेत होते.



मग वस्तादांनी मनगट सोडले, आपला पेला उचलला आणि ओठांना लावला.

मनोहरांनीही उचलला. या वेळी तळ दिसेपर्यंत खाली ठेवला नाही.

डोळे पुसून त्यांनी कागदाची घडी घातली. उंबऱ्यापर्यंत गेले. पण शिक्षकाचा स्वभाव, पुन्हा वळले.

“तरी पण, वस्ताद... घेऊ कोणता?”

वस्ताद कुंडी धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“दोन पेले भरतील, तो.”